फेऱ्या तेवढ्याच

देवाकडे निरांजन लागलं की फोन वाजायचा. पार्सेतल्या त्या घरात तीन वर्षं हे कधी चुकलं नाही; क्वचित उशीर व्हायचा, पण वाजायचाच. पलीकडे गौरेश, सुमंगलाचा एकुलता मुलगा. पाळी गावच्या बंद खाणीत पाणी किती चढलं, ते तिथला मॉडेम फोनच्या तारेवरून ऑफिसला कळवतो. त्या मॉडेमवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम.

"आई, दुपारी जेवलीस गो?"

"जेवले. तू?"

"जेवलो. ठेवतो."

ती जेवलेली नसायचीच. तो खाणीवर रुजू झाला त्या दिवशी तिने भगवतीला शब्द दिला होता, पोराचा आवाज ऐकल्याशिवाय शीत तोंडात घालणार नाही. व्रत बोलून दाखवलं की फळत नाही, असं तिची सासू मानायची. म्हणून ती गप्प.

चवथीला तो दोन दिवस आला, तेव्हा करंज्या तळता तळता तिने विचारलं, "तुझा मॉडेम रे, भरभर बोलतो म्हणे?"

"वेग दोन असतात गो. सेकंदाला खुणा किती सुटतात तो एक. त्यांतून मजकूर किती पोचतो तो दुसरा. डिचोलीच्या बसचं बघ. फेऱ्या तेवढ्याच, पण एका फेरीत चारजण बसतात की एकटाच, त्यावर माणसं किती पोचली ते ठरतं."

"मग चारजण बसवावे सदाच!"

"लाइनीत खरखर असली की खुणा चुकीच्या वाचल्या जातात. मग मॉडेम आपणहून एकेका खुणेवर कमी लादतो."

तो गेला. फोन रोज येत राहिला. जेवलीस, जेवले, ठेवतो. फोन ठेवून ती पानावर बसायची. समोरचा पाट रिकामा.

एका सोमवारी वात सारताना तिच्या मनात आलं, फोन रोज येतो, पण पोचतं एवढंसंच; ती खरखर माझ्याच बाजूने तर नाही? रोज एक खोटं मीच घालते लाइनीत. पण खरं सांगावं, तर व्रत मोडतं. आणि व्रत होतं त्याच्याच जिवासाठी. तिने निरांजन लावलं. फोन वाजला.

"आई, दुपारी जेवलीस गो?"

तिने देवीकडे पाहिलं. "नाही रे. तुझा फोन आल्याशिवाय जेवत नाही मी. तीन वर्षं झाली."

"माझी ड्युटी लांबायची, तेव्हा?"

"बसून असायचे."

त्याने फोन ठेवला. ती त्या रात्री जेवली, पण घास तोंडात फिरत राहिला. देवीची क्षमा मागितली, पोराला सांभाळ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन भर दुपारीच वाजला.

"आता वाढून घे बघू."

"अरे, भात चुलीवर आहे अजून."

"असू दे. मी आहे लाइनीवर."

तिने फोन कट्ट्यावर, टोपाजवळ ठेवला. भात रटरटत होता, तेवढंच पाळीला ऐकू जात होतं.