माझ्या काठाला भिणारी माणसं

मित्रांनो, मी बोईसरच्या एका लहानशा चर्चमधला जुना पितळी प्याला आहे. अहिल्यानगरकडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. तारापूरला नोकरी लागलेल्या एका कुटुंबाने मला ट्रंकेतून इकडे आणलं. प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या रक्ताची खूण म्हणून द्राक्षाचा रस घेऊन मी हातोहात फिरायचो. फिटर, शिक्षिका, म्हातारीकोतारी, सगळे माझ्याच काठाला ओठ लावत. माझं फार कौतुक होई.

मग जमुनाला कुष्ठरोग झाल्याचं कळलं.

जमुना उमरोळीहून यायची. बोटं बधिर झाली म्हणून ती दवाखान्यात गेली होती. औषधं सुरू झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता हिच्यापासून लागण होणार नाही. तरी तिच्या बाकावर कुणी बसेना. लोक मलासुद्धा भिऊ लागले. मला कपाटात ठेवताना एका बाईंनी हाताला रुमाल गुंडाळला.

पुढच्या प्रभुभोजनाला जमुना सर्वांत शेवटी आली. पदराआडून तिने घरचा स्टीलचा पेला काढला.

"पाळकसाहेब, मना यात द्या. लोकं भितात. मनापन भ्या वाटतं."

"बरोबर बोलतेय ती," कृष्णकांतकाका मागून म्हणाले. "माझ्या घरात तान्हं नातवंड आहे."

पाळक भगवंतरावांनी त्या पेल्याकडे पाहिलं. मी त्यांच्याच हातात होतो.

"भीती मलाही वाटते," ते हळूच म्हणाले. "पण एके काळी प्रभुभोजनाचा प्याला फक्त याजक, म्हणजे धर्मगुरू, पीत. लोकांना नुसती भाकर मिळे. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या आपल्या धर्मसुधारकांनी तो सगळ्यांच्या हाती दिला. आता मी तो हिच्याकडून काढून घेऊ?"

त्यांनी मला जमुनाच्या हाती दिलं. ती प्यायली, पण बधिर बोटांतून मी निसटलो आणि फरशीवर आदळलो. बहुतेक रस सांडला.

"देवाचं रगत सांडलं माज्या हातून!" जमुना खाली बसली.

भगवंतराव तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. "रस सांडला, जमुनाताई. प्रभू सांडत नाही. आणि हा प्याला पितळेचा आहे. देवाचं प्रतिरूप तू आहेस."

तेवढ्यात वृद्ध रत्नाबाई काठी टेकत आल्या. त्यांनी मला उचललं, तळाशी उरलेला जमुनाचा उष्टा घोट प्यायला आणि तिच्याच बाकावर जाऊन बसल्या.

पुढच्या वेळी कृष्णकांतकाका रांगेत जमुनामागे उभे राहिले. त्यांनी मला ओठांपर्यंत नेलं, पण तसंच परत दिलं.

"आज नाही जमत गं," ते खालमानेने म्हणाले.

"असू दे, काका. मी हाय इथंच."

मित्रांनो, मला पोचा आला आहे, कल्हईही विटली आहे. माझी काळजी घ्याल, ठाऊक आहे. पण भीती वाटली म्हणून कुणा माणसाला पंगतीतून उठवू नका. भीत भीत का होईना, त्याच्या शेजारी बसा.