नोटीस लागू दे

दिपमालाने टेबलावरचा अर्ज स्वतःकडे ओढला, पेन मागून घेतलं आणि 'येण्याचे कारण : दालचिनीचा व्यापार' या ओळीवर सरळ काट मारली.

"हे नको."

प्रेमराजने चष्मा कपाळावर चढवला. जळगावच्या बसस्थानकामागे त्याचं पासपोर्ट-व्हिसाचं दुकान होतं. दिपमाला नर्स म्हणून मस्कतच्या इस्पितळात गेली, तेव्हाचे तिचे कागद त्यानेच केले होते. त्यामुळे ताई म्हणत असला तरी तो तिच्याशी हक्काने बोले.

"ताई, श्रीलंकेचा माणूस म्हटल्यावर दालचिनी शोभून दिसते. फर्म माझ्या ओळखीची आहे. बिझनेस व्हिसा एकदा निघाला की येणंजाणं सोपं. हा कोण, कुठला, कुणी विचारणार नाही."

"विचारू दे ना. मला सांगायचंच आहे."

प्रेमराजने पंख्याचा वेग कमी केला, कागद फडफडत होते म्हणून.

"मग दुसरा रस्ता. तुम्ही तिकडे जा, त्याच्या गावी लग्न लावा. नवरा म्हणून त्याचा व्हिसा मागू. वेळ लागेल, पण इथं कानोकान खबर नाही."

"आणि तिसरा?"

"तिसरा मी कुणाला सांगत नाही." तो हसला. "टुरिस्ट व्हिसावर बोलवायचं, इथंच नोंदणी लग्न करायचं, मग इथूनच व्हिसा बदलून मागायचा. पण त्यात नोटीस लागते ताई. सरकारी फलकावर, महिनाभर. तुमचं नाव, त्याचं नाव. तुमच्या भडगावचा कुणी ना कुणी त्या कचेरीत रोज असतोच."

दिपमालाने पेनाला टोपण लावलं. नवरा, हिलाल, ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा पोर लहान होती, म्हणून कमवायला ती परदेशी गेली. परदेशात राहून तिने पोरीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मस्कतची नोकरी सोडून ती परत आली. यातलं काहीच तिने लपून केलं नव्हतं. तो श्रीलंकेचा माणूस, सरत, त्याच इस्पितळाची रुग्णवाहिका चालवत होता. त्याची बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दिवाळीला त्याचा करार संपत होता. तुला सासऱ्यांना सांभाळायचंय, माझ्याकडे नुसती एक पेटी आहे, तेव्हा मीच येतो, असं तो दोघांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला होता. दालचिनीचा व्यापारी म्हणून त्याला आणायचं, तर मग रोज सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवताना आपण कोण?

"नोटीस लागू दे," ती म्हणाली. "ज्याला वाचायचीय त्यानं वाचावी."

प्रेमराजने खणातून नवा कोरा अर्ज काढला.

"राहणार कुठं? परदेशी माणूस उतरला की घरमालकाला पोलिसांत कळवावं लागतं. घर कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"त्यांना विचारलंय?"

दिपमालाने पिशवी उचलली.

बसमध्ये बसताच तिने मुलीला सगळं लिहून कळवलं होतं; बस एरंडोलला पोचायच्या आत धुळ्याहून तिचा फोन आला. पुनमचा आवाज आधीच रडवेला होता.

"आई, तू तिकडंच लग्न कर ना. नोटीस काय, फलक काय! सासूबाईंना बाहेरून कळलं तर मी काय तोंड दाखवू?"

"बाहेरून नाही कळणार. रविवारी मी धुळ्याला येते. मीच सांगते त्यांना."

"तू सांगणार?"

"मग कोण सांगणार, बेटा?"

पलीकडे चालू असलेला मिक्सर बंद झाला. मग पुनम म्हणाली, "जेवायला ये मग. नुसत्या चहावर जाऊ नको."

घरी पोचली तेव्हा सासरे, झुलाल आबा, ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. काठी भिंतीला टेकवलेली. दिपमालाने हातपाय धुतले, त्यांच्यासमोर बसली आणि सुपातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. चार-दोन सोलल्यावर तिने सगळं सांगितलं. सरत कोण, काय करतो, कसा येणार, कुठे लग्न होणार. शेवटी घराचंही.

आबांची बोटं थांबली नाहीत.

"फोनवर बोलस तो का?"

"हो."

"सकायले बोलस. माले वाटे, दवाखानाना मानूस शे." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "नाव काय त्यानं?"

"सरत."

"शरद?"

"नाही आबा, सरत. तिकडं असंच म्हणतात."

आबांनी मान हलवली. मग आत खोलीकडे पाहिलं. खिडकीशी हिलालची खाट अजून होती, तिच्यावर घडी केलेल्या गोधड्या रचलेल्या असत. त्या खाटेवर कुणी झोपत नसे. दिपमालाही नाही.

"आठे नको," आबा म्हणाले. "तू कर तुले जे करनं शे ते. मी आडा येवाव नही. पन या घरमा माले जमाव नही."

दिपमाला पहूरची, तिची बोली वेगळी. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी आबांशी महत्त्वाचं बोलताना ती शाळेतली मराठीच बोले.

"बरं," ती म्हणाली. "मग मी गावातच खोली बघते. सकाळ-संध्याकाळ येईन. तुमच्या भाकरीत आणि गोळ्यांत खंड पडणार नाही."

"भाकरीनं कोन बोलनं?" आबा एकदम चिडून म्हणाले, आणि सूप उचलून आत गेले. काठी ओट्यावरच राहिली. ती नेऊन द्यावी की नाही हे दिपमालाला कळेना. शेवटी तिने ती दाराच्या आत, त्यांच्या हाताशी येईल अशी ठेवली.

रात्री दोघं जेवली. गोळ्या आबांनी स्वतःहून मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती खोली बघायला निघाली. पायात चप्पल सरकवते तोच मागे काठीची टकटक ऐकू आली. आबांनी धुतलेली टोपी घातली होती.

"कुठं निघालात?"

"चाल," आबा म्हणाले.

खोली गिरणा नदीच्या बाजूला होती, धुरपदाबाईंच्या घरामागे. स्वतंत्र दार, मोरी, पुढे चार कुंड्या. धुरपदाबाई कमरेला पदर खोचून किल्ली घेऊन आल्या. आबांना पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"कोन राहनार शे, आबा?"

दिपमालाने घसा साफ केला. वाक्य तिने वाटेतच जुळवलं होतं. पण आबांनी काठी पुढे टेकवली.

"मनी पोर. अन् तिना नवरा."

धुरपदाबाईंनी दिपमालाकडे पाहिलं, मग आबांकडे.

"पन ही तर तुमनी वहू शे ना?"

"ती बी शे," आबा म्हणाले.

दिपमालाला वाक्य आठवेना. तिने किल्लीकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं आणि मग जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "मावशी, तो श्रीलंकेचा आहे. आम्ही जळगावला नोंदणीनं लग्न करणार आहोत. तुम्हाला पोलिसांत कळवावं लागेल, मालकीण म्हणून तुमचं नाव लागेल. आधीच सांगते. नको असेल तर आत्ताच नको म्हणा."

धुरपदाबाईंनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. विचार करायला त्यांना वेळ लागला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"झुलाल आबा सोबत उनात," त्या अखेर म्हणाल्या. "मंग लागू दे नाव. पन भिताडले खिळा ठोकानं नही. रंग नवा शे."

त्यांनी कुलूप उघडलं. दिपमाला आत जाऊन खिडकी उघडून बघू लागली, मोरीतला नळ सोडून बघू लागली. पाणी आधी खरखरलं, मग नीट आलं. तिने उगाचच हात ओले केले आणि तसेच चेहऱ्यावरून फिरवले.

मागे वळली तर आबा अजून बाहेरच. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी एक हात वर नेला होता आणि चौकटीचं वरचं लाकूड बोटांनी चाचपत होते. जुनं दार, ठेंगणं होतं.

"उंच शे का तो?"

"तुमच्यापेक्षा थोडा."

"मंग डोकं लागी त्यानं." आबांनी मान वाकवली आणि काठी आधी आत टेकवली. "सांगी ठेव त्याले."