अवेतिसचं बारसं

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, खरखरीत आणि अंगाला टोचणारी. टोचते म्हणून नाक मुरडू नका, ऊबही मीच देते. जतच्या मेंढरांच्या लोकरीची मी. सांगलीच्या बाजारातून चंद्राबाईने मला साताऱ्याकडच्या आपल्या गावी आणलं.

तिचा जोतीराम पलटणीत लॉरी चालवायचा. बेचाळीस साली तो लढाईला निघाला. "सरकारी कांबळी मिळत्यात, आये," असं तो म्हणत होता आणि ती मला त्याच्या वळकटीत कोंबत होती. अशी मी समुद्र ओलांडून आले. बाजारातल्या माझ्या बहिणींना कळलं असतं, तर जळून खाक झाल्या असत्या.

इराणच्या एका घाटात बर्फात लॉरी अडकली. जोतीराम तापाने फणफणला होता. सोबतीला अवेतिस नावाचा आर्मेनियन मेकॅनिक होता. दोन दिवस त्याने आपल्या वाटची भाकरी जोतीरामला भरवली. दोघे माझ्याखाली दाटीवाटीने बसले. जोतीरामचा डोळा लागू नये म्हणून अवेतिस मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत आपल्या नावाची गोष्ट सांगत राहिला.

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी त्याच्या लोकांना गावातून हाकललं, तेव्हा तो वाटेतच जन्मला. बाप आठवड्यापूर्वीच मारला गेला होता. नाव ठेवायला नात्यातलं कुणी उरलं नव्हतं. मग आईनेच ठेवलं, अवेतिस. म्हणजे चांगली बातमी. ख्रिस्तजन्माच्या सणाला त्यांच्यात हाच शब्द म्हणतात. जोतीरामने तिथेच शब्द दिला, "मला पोरगा झाला तर ह्येच नाव."

सेहेचाळीस साली मुलगा झाला. बारशाला पाळण्यात माझीच घडी अंथरली, वर मऊ दुपटं. मी आनंदाने फुलून गेले. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण सख्खी आत्या राहीबाई मागे चुलीपाशी घुगऱ्या ढवळत बसली होती. लढाईत तिचा नवरा गेल्याची तार आली, तेव्हापासून ती शुभकार्यात पुढे येत नसे. मानासाठी चुलत आत्या बनुबाईला बोलावलं होतं.

जोतीराम म्हणाला, "नाव राहीआक्काच ठेवंल."

चंद्राबाई हळूच म्हणाली, "तिच्या कपाळी कुंकू न्हाई रं, बाबा. लोक काय म्हंत्याल?"

"आये, ह्ये नाव ज्या माउलीनं आपल्या लेकाला ठेवलं, तिचा बी नवरा आठ दिस आधीच गेला हुता. तिचा त्यो ल्योक माझ्या उशाला बसला, म्हणून मी आज हितं हाय."

चंद्राबाईने पाळण्याची दोरी सोडली. मग चुलीपाशी गेली आणि लेकीच्या हातातली पळी काढून घेतली. "ऊठ, राही," एवढंच म्हणाली.

राहीबाई पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात तिने कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने पाय झाडले. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपके घालायची आपली रीत, पण कुणाचाच हात उठेना. राहीबाई तशीच वाकून राहिली. तेव्हा चंद्राबाईने पहिला धपका घातला, चांगला सणसणीत. मग बनुबाईने, मग साऱ्यांनीच. राहीबाई हसता हसता रडत होती.

मित्रांनो, मला आता कसर लागली आहे. वर्षातून एकदा ऊन दाखवलंत तरी मी अजून टिकेन. आणि तुमच्या घरी कार्य निघालं, की चुलीपाशी कोण बसलंय ते आधी बघून या.