पंगतीतलं गाणं

मित्रांनो, जुना तर मी आहेच, पण अजून भंगारात गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक डीव्हीडी ड्राइव्ह आहे. नाशिकच्या सिडकोत, सावळीरामांच्या घरातल्या संगणकाच्या डब्यात माझी जागा आहे. बटण दाबलं की मी जीभ बाहेर काढतो, तिच्यावर डिस्क ठेवली की ती आत घेऊन गरागरा फिरवतो आणि तिच्यातलं चित्र नि आवाज पडद्यावर पाठवतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, कारण हल्लीच्या लॅपटॉपला ही जीभच नसते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते हे घर. सावळीराम तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात लोखंड कापायची लेथ चालवायचे. मुलगी चैताली बारावीला गेली म्हणून त्यांनी हप्त्याने संगणक आणला आणि त्याच्याबरोबर मीही आलो. काय रुबाब होता माझा! कॉलनीत कुणाचं लग्न झालं की शूटिंगवाल्याची डीव्हीडी पहिल्यांदा आमच्याकडे लागायची. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची आणि मी मान ताठ करून फिरायचो.

या डीव्हीड्यांमध्ये एक चेहरा नेहमी असायचा, तो सावळीरामांच्या पत्नीचा, मालनबाईंचा. हळद असो की जयंती, बायकांच्या घोळक्यात मध्यभागी बसून गाणं उचलायचा मान त्यांचा. गाणी त्यांची स्वतःची. शाळा चौथीत सुटलेली, पण काम करता करता ओळी सुचायच्या आणि सुचतानाच चाल घेऊन यायच्या. त्या कधी कागदावर उतरल्या नाहीत. तशी गरजच कुणाला वाटली नव्हती, कारण मालनबाई होत्याच.

मग घराघरात मोठे फोन आले आणि माझे दिवस फिरले. चैताली नोकरीसाठी पुण्याला गेली. माझ्या डब्यावर कापड पडलं आणि कापडावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. जीभ आत ओढून मी वर्षानुवर्षं गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं.

पण माझ्यापेक्षा मोठं मौन घरात यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी मालनबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. आता त्या बोलतात ते कुजबुजल्यासारखं. गाणं तर संपलंच.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या महिनाभर आधी शेजारची संजना वही घेऊन आली. कॉलेजात शिकणारी ही मुलगी विहारातल्या मुलींचं गाण्याचं पथक चालवते. यंदा बाहेरची गाणी नकोत, आपल्या मालनमावशींचीच चार गाणी म्हणू, असं मुलींनी ठरवलं होतं. मालनबाईंनी दोन दुपारी कुजबुजून चारही गाणी सांगितली आणि संजनाने ती लिहून घेतली. त्यातल्या एका गाण्याच्या या दोन ओळी मला पाठ आहेत:

लेकीच्या हातात गं, पाटी दिली, पेन दिला
माझ्या अंगठ्याचा गं, शाईचा डाग गेला

मग संजनाने चाल विचारली. मालनबाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि खोकला आला.

“शब्द सांगते गं पोरी,” त्या कशाबशा म्हणाल्या, “चाल कुठून आणू?”

संजनाने वही मिटली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. सावळीराम दारात उभे होते. त्यांनी कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पाच डीव्हीड्या होत्या. मग त्यांनी माझ्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात मोटर नसून काळीज आहे असं मला वाटलं.

बेत साधा होता. पाचही डिस्कमधले मालनबाईंच्या गाण्याचे तुकडे काढायचे, एकामागोमाग जोडायचे आणि मुलींच्या फोनवर द्यायचे. डिस्क पुण्याला पाठवा, मी करून देते, असं चैताली म्हणाली. पण तिच्या लॅपटॉपला जीभ नाही आणि या डिस्क घराबाहेर पाठवायला सावळीराम तयार नाहीत. बत्तीस वर्षं लेथ चालवली, हेही शिकेन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा चैतालीने त्यांना व्हिडिओ जोडायची तीन सॉफ्टवेअर सुचवली.

पहिलं उघडलं तर पडद्यावर बटणांची नुसती जत्रा. आमचा म्हातारा संगणक ते उघडतानाच धापा टाकू लागला. सावळीरामांनी दोन दिवस त्यात डोकं घातलं आणि शेवटी हात जोडून ते बंद केलं. दुसरं सोपं होतं, शिवाय फुकट. फुकट ते पौष्टिक, असं म्हणत त्यांनी नुसत्या चित्रांचा एका मिनिटाचा व्हिडिओ बनवलाही. पण तयार झाल्यावर पाहतात तर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत बरोबर मालनबाईंच्या तोंडावर छापलेलं. तेही गेलं.

तिसरं मात्र अगदीच साधं निघालं. खाली चित्रांची एक पट्टी, तिच्याखाली आवाजाची एक पट्टी, एक कात्री आणि डावीकडे वळलेला एक बाण. सगळं समजलं, आणि तरीही तीन दिवस काम पुढे सरकेना. सावळीराम माउस कात्रीवर न्यायचे आणि हात मागे घ्यायचे. शेवटी त्यांनी चैतालीला फोन लावला आणि थोडं ओशाळून विचारलं, “लेथवर एकदा जास्त कापलं गेलं की लोखंडाचा अख्खा जॉब वाया जातो बाळा. यात कात्री लावली आणि डिस्कमधलं गाणं कायमचं कापलं गेलं तर?”

चैताली हसली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. तिने समजावलं की डिस्कला काही होत नाही, कात्री लागते ती संगणकातल्या नकलेला, आणि तिथेही चुकलं तर तो डावा बाण दाबायचा. सावळीरामांनी चित्रातल्या एका पाहुण्याला कापलं. बाण दाबला, पाहुणा परत आला. मग त्या बिचाऱ्या पाहुण्याला त्यांनी पंधरा वेळा कापलं आणि पंधरा वेळा परत आणलं. कापलेलं परत जोडता येतं ते शिकाऊ माणसाचं मशीन, असा निकाल देऊन त्यांनी तिसरं सॉफ्टवेअर पक्कं केलं.

आता खरं काम सुरू झालं आणि खरा घाव तिथेच बसला. तेव्हाची आपली सगळ्यांची हौस आठवा! लग्नाच्या शूटिंगमध्ये सिनेमाची गाणी हवीच. शूटिंगवाले मूळ आवाज पुसून टाकायचे आणि त्या जागी सिनेमाचं गाणं भरायचे. आम्हाला ते फार भारी वाटायचं, मलासुद्धा, आणि पुढे आम्ही ते विसरूनही गेलो. सावळीरामांनी एकेक डिस्क लावली. पडद्यावर मालनबाई तोंड उघडून, डोळे मिटून गात होत्या, आणि आवाज येत होता सिनेमातल्या गायिकेचा. पहिल्या डिस्कमध्ये तेच, दुसरीत, तिसरीत, चौथीतही तेच. मालनबाई मागच्या खुर्चीवर बसून पाहत होत्या. चौथी संपल्यावर त्या उठून आत गेल्या.

उरली पाचवी. मालनबाईंची भाची मनीषा हिच्या लग्नाची, चांदवडची. तिच्यावर ओरखडे फार, आणि माझं तरी वय काय राहिलंय? नक्कल उतरवताना शेवटच्या भागाशी मी अडखळलो. फिरलो, थांबलो, पुन्हा फिरलो. चैताली फोनवरून म्हणाली, “पप्पा, शेवटी तर हळदीच्या जेवणाची पंगत जोडलेली आहे. तेवढं सोडून द्या.”

पंगत! मित्रांनो, तो भाग कधीच कुणी पूर्ण पाहिला नव्हता. पंगत आली की कुणीतरी ओरडायचं, पुढे घ्या, आणि मी टुणकन पुढे उडी मारायचो. पण सावळीरामांनी अर्धवट जॉब कधी दिला नव्हता. त्यांनी मला उघडलं, मालनबाईंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि डिस्क मध्यापासून कडेकडे, हलक्या हाताने पुसली. “चल गड्या,” ते मला म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी हळूहळू, एकेक ओरखडा चाचपत फिरलो. एका ठिकाणी वाटलं, आता संपलो. पण डिस्कवरचं वाचलं मी. शेवटपर्यंत वाचलं.

सावळीरामांनी ते तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि त्यांचं लक्ष आवाजाच्या पट्टीकडे गेलं. सिनेमाच्या गाण्याची दाट नक्षी पंगतीपाशी संपली होती. पुढे निराळीच, उंचसखल रेघ होती. जेवणावर गाणं टाकायचा शूटिंगवाल्याने कंटाळा केला होता. त्यांनी आवाज वाढवला. पळ्यांचा खणखणाट झाला, कुणीतरी भात मागितला, आणि त्या सगळ्याच्या मागून, कुठल्याशा अंगणातून, मालनबाईंचा आवाज आला. मोकळा, खणखणीत, अकरा मिनिटं. पडद्यावर माणसं नुसती जेवत होती.

स्वयंपाकघरातून मालनबाई आल्या. हाताला कणीक तशीच होती. उभ्या उभ्या त्यांनी सगळं ऐकलं. सावळीराम रडत होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुढचे आठ दिवस ते कात्री चालवत होते. आवाज पंगतीतला आणि चित्रं पहिल्या चार डिस्कमधली, अशी सांगड त्यांनी घातली. ओठ एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. मालनबाई ते पाहून खांदे हलवून हसल्या. मुलींना मात्र चालीशी मतलब होता. त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे बसून गाऊ लागल्या. चूक झाली की मालनबाई टेबलावर बोट आपटायच्या.

चारपैकी तीन गाण्यांच्या चाली सापडल्या. चौथ्याची, त्या पाटीच्या गाण्याची, सापडली नाही. शेवटी मुलींनी त्याला स्वतःच चाल लावली आणि भीत भीत म्हणून दाखवली. मालनबाईंनी बोट आपटलं नाही. त्यांनी संजनाला जवळ बोलावलं आणि तिच्या कानात म्हणाल्या, “माझ्या चालीपेक्षा ही बरी हाय.”

बुद्धपौर्णिमेला विहारात चारही गाणी झाली. दुसऱ्या दिवशी सावळीरामांनी कोरी डिस्क आणली, कारण मालनबाईंचा फोनवर भरवसा नाही. मी लिहूही शकतो, हे सगळे विसरले होते. मीही विसरलो होतो. त्या दुपारी मी मालनबाईंचा आवाज लिहिला, आणि त्याच्याशेजारी मुलींचा.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या डब्यात अशा डिस्क असतील. त्या गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे पुसा. त्यांची नक्कल करून ठेवा. कात्रीला घाबरू नका, सोपं साधन निवडा आणि चुका. आणि हो, पंगत आली म्हणून पुढे उडी मारू नका. मी वर्षानुवर्षं मारली. मालनबाई तिथेच गात होत्या.