अकरा पिढ्या आणि एक आत्या

"घराण्यात आधी कुणाला कॅन्सर?" डॉक्टर क्सेनियाने विचारलं स्तानकाला, उत्तर दिलं तिच्या थोरल्या भावाने. आजारी बहिणीला गावाहून एकटीला राजधानीत, पॉडगोरिकाला, कसं पाठवायचं, म्हणून रादोमान सोबत आला होता. सोबत आला म्हणजे बोलणार तोच.

"आमच्याकडे?" तो उठूनच उभा राहिला. घराण्याबद्दल बसून बोलायचं नसतं. "वुकोता, त्याचा शाको, त्याचा रादुले..." अकरा पिढ्या त्याने एका दमात म्हणून दाखवल्या. "एकही अंथरुणात मेला नाही. आमची माणसं उभ्याने मरतात!"

"मग अवघड आहे," क्सेनिया म्हणाली. "हे नवं औषध एका ठरावीक बिघडलेल्या जनुकावरच चालतं. औषधाच्या चाचणीत जागा थोड्या, म्हणून ज्यांच्या घरात आजार आहे त्यांचं रक्त आम्ही आधी तपासतो."

जुन्या औषधांनी कधीच हात टेकले होते. स्तानकाला मरायचं नव्हतं.

"दादा, दारिंका आत्या कशाने गेली?"

"आत्याचं काय मध्येच? ती लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली."

"म्हणून रक्त बदललं तिचं? छातीत गाठ होती. क्रुने आत्याच्या पोटात पाणी झालं. आजोबांची बहीण योका तर गोठ्यातच कण्हत गेली. तीही उभ्याने नाही गेली हो, दादा!"

रादोमानने मिशी चाचपली. "बायका कोण मोजतं?"

"मी," क्सेनिया म्हणाली आणि तिने नर्सला रक्त घ्यायला बोलावलं.

बिघाड सापडला, स्तानकाला औषध मिळालं. गावच्या खानावळीत रादोमान सगळ्यांना राकियाची दारू पाजू लागला. "असलं रक्त लाखात एखाद्याचं! परदेशातले शास्त्रज्ञ आमच्या मागे लागलेत!" आत्यांचं नाव अर्थात निघालं नाही. स्तानकाला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या खेपेला क्सेनियाने सांगितलं, गाठ लहान होतेय. स्तानकाने छातीवर क्रॉसची खूण केली. मग डॉक्टर भावाकडे वळली.

"हा बिघाड तुमच्या वडिलांकडून आलाय. तुमच्यातही असू शकतो, तुमच्या मुलांतही. मुलं किती?"

रादोमान ताडकन उठला. "दोन मुलगे! आणि, माफ करा, एक मुलगी."

गावात सगळे असंच सांगतात. पण या वेळी त्याने बहिणीच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं. त्याखाली केस नव्हते.

घराण्याचाच विषय होता, तरी तो खाली बसला.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "माझ्या पोरीचं रक्त आधी बघा."