माझ्या वाटचा तुकडा

नवऱ्याचा आकाशी शर्ट इस्त्रीला घेतला, तर तो मागून चार बोटं आखूड निघाला. फाटलेला नव्हता, उंदरानं कुरतडलेला नव्हता. कात्रीनं सरळ रेषेत कापलेला होता. आणि कापला होता तोही नेमका पँटीत खोचला जातो तिथं, म्हणजे घालणाऱ्याला जन्मात कळू नये.

माझ्या मनात पाल चुकचुकली. तशी ती फार लवकर चुकचुकते. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून माझा स्वभावच तसा झालाय. चिठ्ठीवरचं औषध वाचायच्या आधी मी तारखेत खाडाखोड आहे का ते बघते. नवरा म्हणतो, तू आरशातही आधी मागं कोण उभं आहे ते बघतेस. म्हणू दे.

घरात कात्री चालवणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. लोकांच्या पोरांचे कपडे शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हल्ली त्या खिडकीपाशी बसून गोधडी शिवत होत्या आणि मी खोलीत शिरले की ती उलटी करून वर उशी ठेवत होत्या. "काय शिवताय, आई?" असं विचारलं की, "काही नाही गं, हात चालते ठेवतेय," एवढंच.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण त्या दिवसांत आमच्याच पोटात एक गोष्ट होती. आईंना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. विषय मीच काढला होता, ते कशाला लपवू? त्या दोनदा गॅसवर दूध ठेवून झोपून गेल्या, एकदा न्हाणीघरात पडल्या, आणि दिवसभर घरात कुणी नसतं. तिथली एक खोली महिनाअखेरीस रिकामी होणार होती. तोवर त्यांना कळू द्यायचं नाही, आणि मग नवऱ्यानं सांगायचं, कारण आई त्याची. तो अवसान आणून त्यांच्या खोलीत जायचा आणि नळ गळतोय का वगैरे विचारून परत यायचा.

तेव्हा शर्ट बघून मला पहिली शंका आली ती हीच, की आईंना कळलंय. आणि कळलंय, तर सांगितलं कुणी?

मी नणंदेला फोन लावला. तिनं कानांवर हात ठेवले. "वहिनी, शप्पथ, मी एक अक्षर बोलले नाही." शपथा घेणाऱ्यांवर माझा विश्वास आधीच कमी. त्यात ती पुढं म्हणाली, "बरं, मागच्या वेळी मी राहायला आले होते ना, तेव्हापासून माझ्या पिवळ्या कुर्त्याची आतली दुमड गायब आहे. तुमच्याकडे काय चाललंय काय?"

त्या रविवारी मी सगळी कपाटं उपसली. मुलीच्या लाल चौकड्यांच्या स्कर्टची आतली पट्टी गेलेली. नवऱ्याचा चॉकलेटी शर्टही मागून आखूड. सगळे रोज अंगावर घालायचे, धडधाकट कपडे. आणि माळ्यावर जुन्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं तसंच पडलेलं, त्याला कुणी हातही लावला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई सूड उगवतेय, असं मला वाटलं. मग वाटलं, सूड नसेल, डोकं चालेनासं झालं असेल. आणि खरं सांगते, हा दुसरा विचार मला बरा वाटला. डोकं चालत नसेल तर पाठवणं सोपं.

मी नवऱ्याला शर्ट दाखवला. तो पाठीला लावून बघत म्हणाला, "तरीच ऑफिसात वाकलो की गार लागतं."

"हसतोस काय? आता तरी बोल त्यांच्याशी."

"बोलतो," तो म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

मग मी माझे कपडे तपासले. एकेक दुमड उलटून पाहिली, खिशांची आतली बाजू पाहिली, अस्तरं पाहिली. कुठंही काही कापलेलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट ते असं झोंबलं की मी तडक आईंच्या खोलीत गेले, उशी उचलली आणि गोधडी सरळ केली.

आईंनी अडवलं नाही. उलट टोकं ओढून ती पलंगभर पसरली. आकाशी, पिवळा, लाल, चॉकलेटी, मध्ये पोपटी आणि जांभळ्या चिंध्या, आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा. त्या कडेपासून आत शिवत आल्या होत्या, फेरी घालत घालत. त्यामुळं अगदी मधोमध तळहाताएवढी जागा राहिली होती आणि तिथून पांढरं अस्तर दिसत होतं.

"माळ्यावर गाठोडं होतं की, आई. चांगले कपडे का कापलेत?"

"जुन्या कपड्यांना तुमचा वास नाही राहिलेला. अंगावरचंच हवं होतं. तिथं पांघरलं की सगळे जवळ वाटाल."

"तिथं म्हणजे?"

आईंनी चष्मा वर सारला. "अगं, तुझा नवरा तीनदा येऊन नळाचं बोलून गेला. आपला एकही नळ गळत नाही. चौथ्यांदा यायच्या आत मला कळायला नको?"

माझी मान खाली गेली. पण स्वभाव जातो कुठं? मी म्हणाले, "सगळ्यांचं घेतलंत. माझंच तेवढं नाही."

"ती माझी पोरं. त्यांचं हक्कानं कापलं. तुझं न विचारता घेतलं असतं तर तू चोरी म्हणाली असतीस." त्यांनी मधल्या जागेवर बोट ठेवलं. "तुझ्यासाठीच ठेवलीय ही. तू देशील ते लावीन. एवढं झालं की दोरा तोडायचा आणि मी निघाले. अर्धवट गोधडी घेऊन मी नाही जाणार."

मी कात्री घेऊन कपाटापाशी गेले. आदल्या दिवशी घातलेला माझा हिरवा कुर्ता बाहेर काढला, त्याची दुमड उलटली, कात्रीत धरली. हात पुढं चालेना. हा एवढासा तुकडा कापला की त्या जाणार, आणि कापणारी मी. मला रडू फुटलं. तोंड धुऊन मी परत गेले आणि म्हणाले, "कुर्ता धुवायला टाकलाय. उद्या देते."

"बरं," आई म्हणाल्या.

महिनाअखेरीस वृद्धाश्रमातून फोन आला. नवऱ्यानं फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "त्यांना सांग, आमची गोधडी अजून पुरी झालेली नाही." त्याला काही समजलं नाही, पण ती खोली दुसऱ्या कुणाला गेली. गॅसची मी दुसरीच व्यवस्था केली: दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी येते, दूध मीच तापवते. धावपळ होते, चिडचिडही होते.

आई रोज विचारतात, "देतेस का गं तुकडा?" मी रोज नवं कारण काढते. कधी इस्त्रीला दिलाय, कधी रंग जातोय, कधी मुलीनं घातलाय. त्या "बरं" म्हणतात. हे "बरं" मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होतं.

परवा त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी गुपचूप गोधडी उलगडली. मधली जागा तळहाताएवढी होती, ती आता दोन तळहातांएवढी झाली होती. लाल चौकड्यांचा तुकडा निघालेला होता आणि तो होता तिथं अस्तरावर सुईची बारीक भोकं ओळीनं दिसत होती. आई उसवत होत्या.

मी गोधडीची होती तशी घडी केली आणि वर उशी ठेवली. त्या केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "देतेस का गं?"

"अजून वाळला नाही, आई," मी म्हणाले.