पिस्ता रंगाला चाललेलं पाणी

प्रदूषण तपासणारे साहेब, तुम्ही येण्याआधी फोन करता. रंगाच्या कारखान्याचा नाला लाल वाहतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा फोन आला की तो तासभर निवळतो, हेही ठाऊक आहे. तरी तुम्ही चहा पिऊन, सही करून जाता. मी हे बोलू शकते, कारण आमच्याकडे त्या तासाभरासाठी मलाच उठवलं जायचं.

मित्रांनो, मी एक जुनी मेम्ब्रेन आहे. म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा. सुरळीच्या वडीसारखी माझी गुंडाळी करून मला एका लांब नळीत बसवलं आहे. पंपाने जोर लावला की पाणी माझ्यातून पलीकडे जातं. रंग आणि मीठ अलीकडेच अडतात.

बडोद्याबाहेरच्या कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मला आणलं, तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्याच दिवशी पंप बंद. वीज परवडत नाही म्हणे. रंगाचं पाणी चोरपाइपने थेट नाल्यात जाऊ लागलं. आणि माझी जात अशी, की एकदा भिजल्यावर सुकले तर मेले. मला जगवलं ते निरुपमाने. बडोद्यातल्याच अकोट्याहून स्कूटरवर येणारी ही केमिस्ट रोज थोडा वेळ पंप चालवून मला ओलं ठेवायची. मालक जयवंतराव हसायचे, "शोभेच्या यंत्राला अंघोळ कशाला घालतेस?"

मग त्या उन्हाळ्यात बोअर आटली. जे पाणी उरलं ते जड, खारट. लग्नसराईचं पिस्ता रंगाचं कापड अडलं. पाणी नाही तर कारखान्याला टाळं, आणि सगळे कामगार घरी. निरुपमा म्हणाली, रंगाचं सांडपाणी या मेम्ब्रेनमधून गाळा, हिचं पाणी वापरा. रंगमास्तर मयंकभाई उखडले. काळ्या रंगात काहीही लपतं. पिस्ता मात्र चहाडखोर, पाण्यातला एवढासा दोषही कापडावर मांडतो.

"निरुबेन, गटरचं पाणी? अरे, लग्नाचं कापड छे, तेराव्याचं नाही."

"मग दोन तुकडे रंगवू," ती म्हणाली. "एक बोअरच्या पाण्यात, एक हिच्या. कुठला कशातला ते तुम्हाला सांगणार नाही. निवडा तुम्हीच."

माझ्या पाण्यातल्या तुकड्याच्या कोपऱ्याला तिने आतून दोरा बांधला. मयंकभाईंनी दोन्ही तुकडे दारात, उन्हात धरले. एकावर पुसट डाग होते. तो त्यांनी तिच्या अंगावर फेकला. "घ्या तुमचं गटर." हातातला दुसरा कौतुकाने उलटला, आणि बोटाला दोरा लागला.

मयंकभाईंनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, पुन्हा उन्हात धरला. मग जयवंतरावांना म्हणाले, "शेठ, बोअरचं पाणी आता काळ्याला द्या. हिचं मला पाहिजे."

त्याच दुपारी जयवंतरावांनी चोरपाइप कापून तोंडाला लोखंडी पत्रा वेल्ड केला. पिस्ता कापडाचे तागे लग्नाला वेळेवर गेले. आज रंगाचं पाणी माझ्यातून जातं आणि परत रंगालाच येतं. मागे उरलेलं दाट पाणी उकळून आटवतात. आमचा नाला कोरडा आहे, त्यात गवत उगवलंय. मी जिंकले, मित्रांनो, ताठ मानेने सांगते. मला ओलं ठेवा, वेळेवर धुवा आणि वापरा. न वापरलेलं यंत्र भंगारच.

पण साहेब, शेजारच्या भिंतीपलीकडचा नाला आजही लाल आहे. तिथेही माझी एक बहीण कुलपात सुकते आहे, आणि तिच्याकडे निरुपमा नाही. तिथे तुम्ही फोन न करता कधी जाणार? मला तारीख सांगा.